पालखीची सेवा आणि शनिवारची पाळी

मेलबर्नमधल्या मराठी घरांत एक समज पक्का आहे: स्वयंसेवा हा इथल्या लोकांचा भरल्या पोटीचा उद्योग, नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांचे क्लास सांभाळणाऱ्या आपल्याला तो कसा परवडणार? बारामती-इंदापूरकडून आलेल्यांनी तरी असं म्हणू नये. तुकोबांची पालखी दर आषाढी वारीत बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूर गाठते आणि सराटीला नीराकाठी पुणे जिल्हा सोडते. काटेवाडीत परीट समाज वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. त्याचे फोटो सगळीकडे छापून येतात. पण तिथून चार पावलं बाजूला कुणी वारकऱ्यांच्या दाढ्या करत असतो, कुणी तुटलेल्या चपलांना टाके घालत असतो, ओसरीवर भाकऱ्यांची चवड वाढत असते. जेवणाऱ्याला गाव, जात विचारायची पद्धत नाही. अनोळखी माणसासाठी राबायचं शिक्षण आपण घरूनच घेऊन निघालेलो असतो.

उणीव आहे ती पाळीची. पालखी वर्षातून एकदा येते, मुक्काम हलला की चूल विझते. इथलं काम महिनोन्‌महिने वेळापत्रकावर चालतं. १९३९ आणि १९४४च्या भीषण वणव्यांनंतर व्हिक्टोरिया राज्यात १९४५ साली कंट्री फायर ऑथॉरिटी हे अग्निशमन दल उभं राहिलं. त्याचा कणा आजही बिनपगारी माणसंच आहेत: सुतार, शिक्षक, हिशेबनीस. बंबावर चढण्याआधी त्यांना रीतसर प्रशिक्षण पुरं करावं लागतं. मुलांच्या क्रिकेट क्लबात मदत करायची तर सरकारी पडताळणीचं कार्ड काढावं लागतं, स्वयंसेवकाला ते फुकट मिळतं. बनिंग्ज या हार्डवेअर दुकानांच्या दारात संस्थांसाठी सॉसेज भाजणाऱ्यांना २०१८ साली कांदा सॉसेजच्या खाली घालायला सांगण्यात आलं, कारण खाली सांडलेल्या कांद्यावरून कुणी घसरू नये! यावर देशभर थट्टा झाली, आणि ती रास्तच होती. पण या किरकोळ शिस्तीतच खरी गोष्ट आहे: इथं मदत ही भावनेवर सोडलेली नाही. शनिवारी सकाळी तुमची पाळी असेल तर मूड नसला तरी तुम्ही तिथं असता. आपण सेवाभावाचं कौतुक पुष्कळ करतो, हजेरीचं कमी.

सरकारची कामं लोकांनी फुकट का करावीत, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. इंदापूरच्या एखाद्या गावात पाण्याचा टँकर येत नसेल तर त्यावर श्रमदानाचा उतारा देणं म्हणजे जबाबदाराला मोकळं सोडणं. पण इथं बंब, गणवेश, प्रशिक्षण यांचा भार स्वयंसेवकाच्या खिशावर नाही. शिवाय स्वतः राबलेला माणूस सरकारला जाब विचारतो तो जास्त नेमका असतो. दुसरा आक्षेप म्हणजे हे सगळे नोकरीच्या अर्जात लिहायला करतात. करू देत की. नव्या देशात ओळखदेख नसलेल्याला इथलं कुणी शिफारस करणारं लागतंच, आणि स्वार्थानं आलेला माणूसही भाजलेलं सॉसेज तेवढंच गरम देतो.

‘आधी आपली माणसं’ हा तिसरा आक्षेप सगळ्यांत जड. मराठी मंडळाच्या गणपतीला माणसं कमी पडत नाहीत आणि पडूही नयेत. पण बारामतीचाच दाखला घ्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळाच्या दिवसांत तिथं वॉटसन नावाचा ऑस्ट्रेलियन मिशनरी होता. ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेकडून आलेलं धान्य आणि तेल मजुरी म्हणून देऊन पाझर तलाव बांधायचे, या कामात तो तरुण शरद पवारांबरोबर उभा राहिला. तलाव खोदणाऱ्यांचं काम स्वयंसेवा नव्हतं, ती मजुरीच होती. पण वॉटसनच्या लेखी बारामतीचा दुष्काळ दुसऱ्याचा नव्हता. त्याच्या देशात राहून इथल्या वणव्याला ‘त्यांचा’ म्हणणं आपल्याला शोभत नाही.

आणि तो आता केवळ त्यांचा राहिलेलाही नाही. शहराच्या पश्चिमेला आपली नवी घरं थेट गवताळ माळाला भिडली आहेत, आणि उन्हाळ्यात कोरडं गवत वाऱ्यावर फार वेगानं पेटत जातं. ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. लवकर बाहेर पडा, हे शेजारच्या मराठी, पंजाबी आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवं. शिवाय अग्निशमन दलाला बंबावर चढणारेच लागतात असं नाही. हिशेब ठेवणारे, घरोघर माहिती पोचवणारेही लागतात. ही कामं मंडळातली निम्मी माणसं उद्या करू शकतील. त्यासाठी गणपतीच्या कामाची यादी करतो तशीच एक यादी इथला उन्हाळा लागण्याआधी, नोव्हेंबरच्या आत करायला लागेल.