मारुतीच्या झाडावरचं माहेर

शनिवारी सकाळी रुईची पानं खुडायला निघालं की आजी बजावायची, "चिकाचा हात डोळ्याला लावू नकोस गं." मारुतीच्या माळेला किती पानं लागत ते आता आठवत नाही. आठवतो तो कोवळ्या शेंड्यावरचा हळदीचा थर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, आपल्याआधीच कुणी पूजा करून गेलं. बोट लावलं, तर हळद चालू लागली.

मावा तो. जेमतेम दोन मिलिमीटरचा, पिवळाजर्द, पाय काळे, पाठीच्या टोकाला दोन काळ्या नळ्या. पेढ्याच्या माव्याशी याचं नातं काय कोण जाणे, पण गोडाचा सोस याच्याकडेही आहे. शिरेत सोंड खुपसली की जागचा हलत नाही. झाडाच्या त्या रसात साखर उदंड, कस कमी. म्हणून भरमसाट प्यायचं आणि जादा गोडवा मागून थेंबाथेंबाने टाकायचा. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. मुंगळे तो चाटायला येतात आणि शेंड्याची राखणही करतात. रसात जो कस नसतो, तो माव्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवून देतात. आईकडून लेकीला मिळालेलं ते आंदण.

लेकीलाच. मावा म्हणायचा पुल्लिंगी, पण या शेंड्यावर पुरुष औषधालाही नाही. आई नराविना लेकी प्रसवते, अंडी नव्हे, चालत्या लेकी. आणि त्या आईच्या पोटात असतानाच त्यांच्या पोटात नाती वाढू लागलेल्या असतात. माव्याचा हा चमत्कार जिनिव्हाच्या शार्ल बोनेने १७४० साली विशीत असताना दाखवून दिला, जन्मल्याबरोबर एकीला एकटीच ठेवून. आजीला बोने माहीत नव्हता. पिवळा शेंडा दिसला की ती तो सोडून द्यायची, म्हणायची, "राहू दे, लेकुरवाळी आहे."

आणि हे सगळं कुठे, तर ब्रह्मचाऱ्याच्या झाडावर!

रुईचं विष हृदयावर जाणारं. ते पिऊन मावा स्वतःही कडू होतो. तो भडक पिवळा रंग म्हणजे खाणाऱ्याला दिलेली ताकीद. ढालकिडे ती फारशी मनावर घेत नाहीत. मधूनच माव्याची एखादी लेक फुगलेली, तपकिरी, पाठीला गोल झरोका पडलेली दिसते. तिला आतून खाऊन, तिथून एक चिमुकली गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. तो झरोका मी भिंगातून बराच वेळ पाहत बसले होते. किती नीट कापलेला!

शेंड्यावर दाटी झाली की पुढच्या लेकींना पंख फुटतात. त्या उडून जातात, सासरी नव्हे, दुसरं माहेर थाटायला.

परवा पारावरच्या मारुतीच्या गळ्यातल्या माळेवर तशी एक दिसली. पान कडेने सुकत आलं होतं. ती शिरेवर सोंड टेकवून पाहत होती.