सरासरी सहा टक्के

"सर्व्हर झोपलाय तुमचा. सहा टक्क्यांवर चाललाय. दोष लाइनमध्ये शोधा." हे शब्द आठवले की आजही माझं डोकं तापतं.

नाशिकच्या सिडको-अंबड भागात आमचं छोटं इंटरनेटचं जाळं आहे. आधी केबल टीव्ही, मग फायबर, घरोघर राउटर आणि पीपीपीओईचं लॉगिन. या धंद्यातल्या बहुतेकांचं असतं तसंच. दादा वसुली आणि माणसं सांभाळतो, मी सर्व्हर. 2020च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच: समोरच्याचं ऐकू येतं, आपला आवाज तुटतो. उत्तमनगरच्या एक शिक्षिका रोज फोन करायच्या, "मुलं मला नीट दिसतात हो, पण त्यांना मी मध्येच अडकलेली दिसते." आणि आम्ही विकत घेतलेली बँडविड्थ तर निम्मीही भरत नव्हती.

सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीनं निदान केलं की यंत्र चार कोअरचं आहे, जुनं झालं, सोळा कोअरचं घ्या. कर्ज काढून घेतलं. जुन्याचा वेग 3.5 गिगाहर्ट्झ होता, नव्याचा 2.1. कोअर चौपट झाल्यावर त्या आकड्याकडे कोण बघतो? बसवला आणि त्रास वाढला! कंपनीचा माणूस आला, त्यानं प्रोसेसरचा आलेख उघडला, सहाच्या आसपास टेकलेली रेघ दाखवली आणि वरचं वाक्य ऐकवलं.

त्या वाक्यानं काय काय केलं ते सांगायलाच हवं. आमची लाइनची पोरं भर पावसात खांबांवर चढली. चांगले जोड कापून पुन्हा स्प्लायसिंग केलं, स्प्लिटर बदलले. दादानं त्यांना सगळ्यांदेखत झापलं. ग्राहकांना "तुमचा राउटर खराब आहे" असं सांगितलं गेलं, आणि ज्यांचे पगार अर्धे झाले होते अशा लोकांनी पदरचे पैसे घालून नवे राउटर आणले. त्या बाईंनीही आणला. आवाज तुटतच राहिला. एकाही खांबावर दोष नव्हता, एकाही घरात नव्हता.

एकदा सकाळी ऐन वर्गांच्या वेळी मी सर्व्हरवर 'टॉप' ही आज्ञा चालवून 1 हे बटण दाबलं. त्यानं सरासरीऐवजी प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. शून्य क्रमांकाचा कोअर शंभर टक्के, सगळा वेळ नेटवर्कच्या इंटरप्टमध्ये गेलेला. बाकीचे पंधरा जवळजवळ रिकामे. शंभराला सोळानं भागा, सव्वासहा येतात. आलेख खरा होता, आणि त्यातून काढलेला अर्थ साफ खोटा.

नेटवर्क कार्ड आलेलं पॅकेट मेमरीत ठेवतं आणि प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे हाक मारतं. दर पॅकेटला हाक मारली तर प्रोसेसर हाकांना ओ देण्यातच संपतो. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 सालीच यावर निबंध लिहिला होता. म्हणून लिनक्समध्ये एनएपीआय आलं: पहिल्या हाकेनंतर हाका बंद, मग प्रोसेसर स्वतःच पॅकेटं घोळक्यानं उचलतो. तरीही एका गिगाबिटच्या तारेतून सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला 14 लाख 88 हजारांपर्यंत येऊ शकतात, आणि आवाजाची पॅकेटं लहानच असतात. बँडविड्थच्या आलेखात ती दिसत नाहीत, प्रोसेसरला मात्र प्रत्येकाचं काम पडतं. तो मागे पडला की कार्डाची रांग भरते आणि पुढची पॅकेटं गळतात.

चांगली कार्डं हे काम कोअरांमध्ये वाटतात. पॅकेटातले आयपी पत्ते आणि पोर्ट पाहून ते कुठल्या रांगेत टाकायचं हे कार्ड ठरवतं. याला आरएसएस म्हणतात. पण ग्राहकाकडून येणारं पॅकेट पीपीपीओईच्या वेष्टनात असतं. आमच्या कार्डाला त्या वेष्टनाच्या आतला पत्ता वाचता येत नव्हता, म्हणून ते सगळंच्या सगळं शून्य क्रमांकाच्या रांगेत ढकलत होतं. बाहेरून येणारं साध्या आयपीत येतं, ते नीट वाटलं जायचं. म्हणूनच लोकांना ऐकू येत होतं आणि त्यांचा आवाज पोचत नव्हता. आणि सगळा भार एकाच कोअरवर असताना नव्या सर्व्हरचा तो कोअर जुन्यापेक्षा मंद होता, म्हणून त्रास वाढला. लॉकडाउनआधी घरातून बाहेर जाणारं फारसं काही नसायचं, तोवर हे खपून गेलं.

उपाय सर्व्हरवरच होता, फुकट. गूगलच्या टॉम हर्बर्ट यांनी लिहिलेलं आरपीएस 2010पासून लिनक्समध्ये आहे. कार्डाला जमत नाही ती वाटणी ते सॉफ्टवेअरमध्ये करतं, आणि आताच्या लिनक्सला वेष्टनाच्या आतही बघता येतं. एका फाइलमध्ये चार वेळा 'एफ' लिहायचं, म्हणजे सोळाही कोअर कामाला लागतात. मी लिहिलं, आणि पॅकेट गळतीची मोजणी जागच्या जागी थांबली.

नवा सर्व्हर आमच्या गळ्यात मारला, असं मी कितीतरी दिवस म्हणत होतो. आज ग्राहक खूप वाढलेत आणि ते सोळा कोअर खरोखर राबतात. जुना चार कोअरचा पुरला नसता, हेही मला मान्य करावं लागतं. पण विकताना त्यांना हे ठाऊक होतं असं मी कधीच म्हणणार नाही. आणि त्या वाक्याबद्दल माझा राग तसूभरही उतरलेला नाही, कारण तो आकडा फोडून बघायला एकच बटण लागत होतं.

नाशिकमध्ये माझ्यासारखे छोटे जाळेवाले पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पोराला खांबावर चढवण्याआधी आणि ग्राहकाला राउटर बदलायला सांगण्याआधी गर्दीच्या वेळी प्रत्येक कोअर वेगळा बघा, कार्डाची गळती बघा. सरासरी दाखवणाऱ्याकडून हे दोन आकडे मागून घ्या. आमच्या ग्राहकांना त्या राउटरचे पैसे अजून कुणी परत दिलेले नाहीत.