वाल, डबल बी आणि कमलाबाई

मराठीच्या वर्गात ‘भागवत’ म्हटले की दुर्गाबाई. ‘ऋतुचक्र’ विद्यार्थ्यांना ठाऊक असते, १९७५ चे कऱ्हाडचे संमेलनही. त्यांची धाकटी बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, प्रथिनांच्या संशोधक होत्या हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. आणि त्यांनाही बहुधा एकच गोष्ट माहीत असते. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला, त्या हटून बसल्या आणि अखेर जाचक अटींवर आत गेल्या.

कथा खरी आहे आणि सांगायला सोपी आहे. महिला दिनाच्या भाषणांत ती हमखास येते. आमची तक्रार इतकीच, की ही कथा जिथे संपते तिथून कमलाबाईंचे काम सुरू होते आणि नेमके तिथेच वक्ते टाळ्या घेऊन खाली बसतात. रामन यांनी काय नाकारले ते आपल्याला पाठ असते. त्या नकाराअभावी वा नकारासह या बाईने काय शोधले, हे विचारायचे कुणाला सुचत नाही.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिज. बटाट्यावर प्रयोग करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असते, असे त्यांना आढळले. १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था, जिच्या त्या पुढे संचालक झाल्या.

मुंबईतल्या कामातला आम्हांला सर्वांत रोचक वाटणारा भाग समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. पुण्याच्या मार्केट यार्डातला भुसार बाजार पुरे. तोंड उघडून ठेवलेली पोती: तूर, हरभरा, मूग, कडवे वाल, गोडे वाल, डबल बी. मांस न खाणाऱ्या घरांची प्रथिनांची बरीचशी भिस्त या पोत्यांवर असते. पण कडधान्याच्या दाण्यातच काही प्रथिने अशी असतात, की ती आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवतात. मग उरलेले प्रथिन नीट पचत नाही. बियांवर ताव मारणाऱ्या किडींपासून बचावाचा हा त्या झाडाचा बंदोबस्त असावा. १९५५ साली के. एस. आंबे यांच्यासह कमलाबाईंनी वाल आणि डबल बी यांतून ही अवरोधक प्रथिने स्फटिकरूपात वेगळी काढली आणि ते टिपण ‘नेचर’मध्ये आले. (वाल वातूळ, ही आजीची तक्रार मात्र वेगळी, तिचे मूळ दाण्यातल्या काही शर्करांत आहे.)

शिजवताना उष्णतेने या अवरोधकांचा जोर बराच मोडतो. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत, मग डाळिंब्या मऊ शिजवाव्यात, ही रीत तर आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दुर्गाबाईंनी ‘खमंग’मध्ये अन्नाविषयी लिहिले आणि ते साहित्य ठरले. बहिणीचे काम त्याच चुलीपाशी पोहोचते, पण ते विज्ञानाच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. एकाच घरातल्या या दोन जिज्ञासांचा एकत्र विचार करणारा प्रबंध मराठी विभागातून का येऊ नये? तो लिहिणाऱ्याला विकर, अवरोधक, स्फटिकीकरण अशा शब्दांशी सलगी करावी लागेल, आणि आमच्या मते अडते ते इथेच.

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत गेल्या. १९८२-८३ मध्ये ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या त्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. तिथेच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई तेव्हा हयात होत्या.