थेंब घालून दाखवा

काचबिंदूच्या रुग्णाला ‘रोज रात्री एक थेंब’ एवढं सांगून औषधाची चिठ्ठी हातात दिली, की शिकवून झालं असं आपण परिचारिकाही धरून चालतो. माझ्या मते, रुग्ण आपल्यासमोर स्वतःच्या हाताने थेंब घालून दाखवत नाही तोवर शिकवणं झालेलंच नसतं. बहुतेकांना या आजारात काही दुखत नाही, समोरचं बराच काळ नीट दिसतं आणि औषधाने नजर सुधारल्याचंही जाणवत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शेजाऱ्याला लख्ख दिसू लागल्याचं पाहिलेल्या माणसाच्या हे पचनी पडत नाही. म्हणून ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. स्वीडनमधल्या एका अभ्यासाच्या 2003 सालच्या निष्कर्षांनुसार, डोळ्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला तरी आजार बळावण्याचा धोका साधारण 10 टक्क्यांनी घटतो. एवढ्याशा फरकाला इतकं मोल असेल, तर गालावर ओघळलेला थेंब ही किरकोळ बाब राहत नाही.

आणि तो ओघळतोच. बाटलीचं टोक पापणीला टेकतं, खात्रीसाठी दोन-तीन थेंब घातले जातात, महिन्याची बाटली आधीच संपते. डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर द्रव मावतो, एका थेंबातच तो भरतो. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. थेंबानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, हे कुणीही वगळू नये. नाहीतर टिमोलॉलसारखं काचबिंदूचं औषध त्या वाटेने नाकात उतरून रक्तात मिसळतं. नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो.

ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ कुठे, असं विचारलं जातं. गर्दी खरीच आहे. पण दाब उतरला नाही म्हणून आणखी एक महागडं औषध वाढण्याआधी हाताची ही काही मिनिटांची परीक्षा व्हायलाच हवी. लेझर असताना ही खटपट कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार. ब्रिटनमधल्या 2019च्या चाचणीत लेझरपासून उपचार सुरू केलेले जवळपास तीन चतुर्थांश रुग्ण तीन वर्षांनीही थेंबांविना होते. पण लेझरचा परिणाम पुढे ओसरू शकतो, आणि उरलेल्या रुग्णांना थेंब लागतातच. ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, त्यांच्या मुलाला किंवा बहिणीला शिकवावं. आणि त्याच बैठकीत त्यांनाही डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगावं, कारण आईवडील, भावंडं, मुलं अशा सख्ख्या नात्यात काचबिंदूचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.