चमचाभर म्हणजे किती ग्रॅम?

घरच्या चार माणसांच्या आमटीत मीठ हातानेच पडतं, आणि ते बरोबर पडतं. पण लोणच्याची ऑर्डर घेतली, दहा किलो कैरी चिरून समोर आली, की चमचे मोजत बसणं जमत नाही. सत्तावीस की अठ्ठावीस, इथेच दारावरची बेल वाजते. त्यामुळे माझ्या वहीतलं मीठमसाल्याचं सगळं माप आता ग्रॅममध्ये आहे.

मापाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा. बारीक मीठ त्यात सुमारे ६ ग्रॅम मावतं, साखर ४, हळद किंवा लाल तिखट ३च्या आतबाहेर. 'चमचा म्हणजे पाच ग्रॅम' असा सरसकट हिशेब धरला, तर मीठ कमी पडतं आणि तिखट जवळजवळ दुप्पट होतं! शिवाय हे सगळं सपाट चमच्याचं. आपल्याकडे शीग लावल्याशिवाय चमचा भरला असं कुणाला वाटतच नाही. त्यात चमचा कुठला? चहाचा, पोह्यांचा की मिसळणाच्या डब्यातला?

मिठाचं तर आणखीच वेगळं. खडेमिठाच्या दाण्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून त्याच चमच्यात ते कमी भरतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यातला मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश याला कारण. असं ओलं मीठ काट्यावर ठेवलं तर पाण्याचंही वजन मिठाच्या नावावर चढतं. लोणच्याचं मीठ आधी भाजून कोरडं करायचं ते याचसाठी, आणि वजन भाजल्यावर करायचं. मी किलोभर फोडींना २०० ग्रॅम घेते. ते खारट वाटतं म्हणून निम्मं करा, असं सांगणारे भेटतात. पण हे मीठ चवीपुरतं नसतं, लोणचं त्यावर टिकतं. आमटीचं गणित निराळं. तयार आमटीच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे किलोला १० ग्रॅम, माझ्या जिभेला पुरे होतं.

मसाला ताजा दळलेला असताना फुगलेला असतो, महिन्याभरात बरणीत दबून बसतो. चमचा तोच, पण आत माल जास्त. जुन्या बायका गोड्या मसाल्याची यादी देताना दगडफूल, नागकेशर तोळ्यात सांगत, ते उगीच नव्हे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्या याद्या आजही तशाच्या तशा काट्यावर उतरतात.

पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा स्वतःच्या चमच्याचं वजन स्वतः करावं. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमच दाखवतो. ३ दिसले तरी आत अडीच असू शकतात. म्हणून सुरीने सपाट केलेले दहा चमचे एकदम वाटीत घालायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचं. हिंगाला मात्र दशांश दाखवणारा सोनारी धाटणीचा छोटा काटाच हवा.

मेलबर्नच्या लेकीला पाककृती पाठवणार असाल, तर आणखी एक लक्षात ठेवा: तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, आपल्याकडे मिळणारा १५चा. मीठ, तिखट, हिंग तिला ग्रॅममध्येच लिहून द्या. फोडणीची मोहरी खुशाल चमच्याने सांगा; थोडी कमीजास्त झाली तरी काही बिघडत नाही.