बळ वापरायचं ते बेतानं

दौंडजवळच्या नानवीज पोलीस प्रशिक्षण केंद्रात पीटी-परेड झाली की विनाशस्त्र लढतीचा तास असायचा. तुकडीत तालमीतली पोरं बरीच. समोरच्याला उचलून आपटायला उतावीळ. उस्ताद बजावायचे, "पाठ टेकली की कुस्ती संपते. आपली जबाबदारी तिथून सुरू होते." पालथं पाडलेल्याच्या पाठीवर भार टाकायचा नाही, बेडी पडली की कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी करून घेतलं. 2020 साली मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली नऊ मिनिटांहून जास्त वेळ मान दबून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. त्या आग्रहाचं मोल सांगायला याहून मोठा दाखला नको.

पुढे शिरूर तालुक्यात नेमणूक मिळाली. एका रात्री पुणे-नगर रस्त्यावरच्या ढाब्यावर दारू प्यायलेला तरुण ऊसतोडीचा कोयता फिरवत होता. सोबतच्या हवालदारसाहेबांनी आधी गिऱ्हाइकं बाहेर काढली, मध्ये बाकडं ओढलं आणि लांबूनच बोलत राहिले, "दादा, कोयता ठेव खाली. कोण काय बोललं तुला?" काठी हातात होती, पण टोक जमिनीकडे. तो त्यांना उत्तर द्यायला वळला, तसा मी बाजूनं जाऊन त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, कोपर वर घेऊन पिळलं. कोयता गळून पडला. साहेबांनी तो पायानं लांब सारला. बेडी घालून आम्ही त्याला कुशीवर घेतलं, मग बसवून पाणी दिलं. वैद्यकीय तपासणीत मनगटावरच्या लाल वळापलीकडे काही निघालं नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 46 वं कलम सांगतं, अटकेतला माणूस पळू नये यासाठी लागेल त्याहून जास्त अटकाव करायचा नाही. पण हातात डाव नसला की अंमलदार घाबरतो, आणि घाबरलेला हात थेट काठीकडे जातो. मग डोकं फुटतं, एखाद्याचा जीवही जातो.

प्रशिक्षण संपलं की या डावांचा सराव सुटतो. कोरेगाव भीमाचा 1 जानेवारी, रांजणगावची यात्रा, यवत-वरवंडला तुकोबांची पालखी. बंदोबस्तातून उसंत मिळत नाही. तरीही ड्युटीच्या वेळेतच आठवड्याला एक तास राखून ठाण्याच्या आवारात गादी अंथरलीच पाहिजे. पकड, सुटका आणि बोलून शांत करणं, तिन्हींचा सराव तिथं व्हावा. त्यानं पोलीस वाचेल आणि त्याच्या ताब्यात आलेला माणूसही.