ॲडलस्ट्रॉपची पाटी

ॲडलस्ट्रॉप हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचं अगदी काठावरचं गाव. शिवार ओलांडलं की ऑक्सफर्डशायर लागतं. कॉट्सवोल्डच्या मधाळ रंगाच्या दगडाची थोडीशी घरं, मेरी मॅग्डेलिनचं जुनं चर्च, गाव एवढंच.

एके काळी या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, होते थॉमस ली, कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या आईचे चुलतभाऊ. जेन त्यांच्याकडे मुक्कामाला यायची. बागा नव्यानं आखणाऱ्या हम्फ्री रेप्टनचं काम तिनं इथं पाहिलं आणि १८१४ च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या कादंबरीत त्याचं नावच घातलं.

१८५३ मध्ये गावाबाहेर रेल्वे आली. मग २४ जून १९१४ ची ती दुपार. कवी एडवर्ड थॉमस आपल्या पत्नीसह गाडीनं चालला होता. गाडी इथं थांबली. फलाटावर माणूस नाही, इंजिनाची वाफ सुटतेय आणि झाडीतून ब्लॅकबर्ड गाताहेत, असं त्यानं वहीत टिपून ठेवलं. चारच दिवसांनी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरलं. त्या टिपणावरून थॉमसनं जानेवारी १९१५ मध्ये सोळा ओळींची कविता लिहिली. गावाचं नाव हेच तिचं शीर्षक. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत तो मारला गेला. शांततेच्या शेवटच्या दिवसांतलं ते मिनिटभर आज इंग्लंडभर लोकांना पाठ आहे.

तेव्हा गाडी थांबायची आणि गाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता गाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि गाडी थांबत नाही. तोट्यातली स्टेशनं बंद करण्याच्या लाटेत ३ जानेवारी १९६६ ला हे स्टेशनही गेलं. लंडनच्या पॅडिंग्टनहून वूस्टरकडे जाणाऱ्या गाड्या अजून याच रुळांवरून धावतात. पण उतरायचं तर किंगहॅमला, म्हणजे सीमेपलीकडे ऑक्सफर्डशायरात.

गावकऱ्यांनी मात्र स्टेशनच्या नावाची पाटी आणि फलाटावरचं बाकडं वाचवलं आणि दोन्ही गावातल्या बस-थांब्याच्या छपराखाली आणून ठेवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. संग्रहालयाच्या काचेआड ती पाटी नुसती वस्तू झाली असती. इथं ती अजून थांब्यावरच आहे, आणि बाकड्यावर कुणीही टेकू शकतं.

त्या बाजूला गेलात तर किंगहॅमला उतरा आणि ॲडलस्ट्रॉपला पायी जा. शक्यतो जूनच्या अखेरीस.